नानांच्या न्हाणीतली लाकडी फरशी

न्हाणीघरात लाकडी फरशी घालणाऱ्यांवर माझा राग आहे. जुना राग आहे, आणि वयानुसार तो कमी झालेला नाही. या अंकाच्या संपादिकाबाई फोनवर म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं आवडतं." मी बरं म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा एक गंमत आठवली आणि तिच्या मागोमाग ती फरशी आठवली. म्हणून ज्यांना हलकंफुलकं हवं आहे त्यांनी पान उलटून अनारशांची कृती वाचावी.

मी युसूफ मिस्त्री, मोताळ्याचा. सुतारकी अब्बांकडून आली. अब्बा बैलगाड्या करायचे, मी दारं-खिडक्या केल्या, आणि आता माझा पुतण्या दुकानात मशीनवर प्लायचे तुकडे पाडतो. त्याला पटाशीला धार लावता येत नाही आणि तशी गरजही पडत नाही. मी केलेली दारं मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत आहेत. भर श्रावणात ती चौकटीत अडकत नाहीत. एवढी एकच फुशारकी मी मारणार आहे, ती मारू द्यावी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी आधी सांगतो. हल्ली जिला लाकडी फरशी म्हणतात तिच्यात लाकूड नसतं. लाकडाचा भुसा घ्यायचा, त्यात डिंकासारखं रसायन घालायचं, दाबून पाट्या करायच्या आणि वरून सागाचा छापील कागद चिकटवायचा. म्हणजे तुम्ही चालता ते सागाच्या फोटोवरून. या पट्ट्या एकमेकींत खटाखट अडकतात, खाली पातळ फोम पसरलेला असतो, भिंतीच्या कडेला एक पट्टी ठोकली की काम झालं. कोरड्या खोलीत ही फरशी बरी दिसते. माझी तक्रार तिथे नाही. पाणी लागलं की भुसा ते पितो आणि फुगतो. आधी सांध्याच्या कडा उचलतात, मग मधोमध पोट येतं, मग पाय ठेवला की पचपच वाजतं. पाणी एकदा खाली फोमपर्यंत गेलं की त्याला बाहेर यायला वाट नसते. ते तिथेच बसून कुजतं.

आता आपल्याकडची न्हाणी पाहा. आपला गवंडी न्हाणीला मोरीकडे उतार देतो, कारण आपण बादलीने अंगावर पाणी घेतो आणि ते चारी बाजूंना जातं. लाकडी फरशीला उतार चालत नाही, तिला सपाट जमीन लागते. म्हणून फरशीवाले काय करतात, तर सिमेंट ओतून उतार भरून टाकतात आणि वर फोटो चिकटवतात. मग पाणी जाणार कुठे, हे त्यांना विचारायचं नाही. विचारलं तर म्हणतात, "चाचा, वॉटरप्रूफ आहे." हा शब्द ज्याने काढला त्याला एक पावसाळा त्याच फरशीवर झोपवायला पाहिजे.

गंमत आठवली म्हणालो ती देऊळगाव राजाची. एका नव्या बंगल्यात मला कपाटं करायला बोलावलं होतं. घरमालकाने हौसेने न्हाणीघर दाखवलं. काचेची भिंत, खाली लाकडी फरशी, एकदम चकचकीत. आणि त्या काचेच्या भिंतीमागे सोयाबीनची पोती रचलेली. मी म्हटलं, हे काय? तर ते गृहस्थ अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "अहो, पाणी लागलं तर फरशी खराब होती ना. मग आम्ही मागं पत्र्याच्या न्हाणीतच आंघोळी करतोत." पाहुण्यांना दाखवून झालं की दार लावायचे. मला हसू आलं आणि मी हसलो. खरं तर तो माणूस शहाणा होता. त्याने निदान फरशीसाठी घरातलं माणूस तरी बाहेर काढलं नव्हतं.

ज्या घरात माणूस बाहेर काढलं त्या घराकडे आता येतो. मोताळ्याहून मलकापूरकडे जाताना एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण त्या घरात दिवाळी अंक घेतात. माणसांची नावंही बदलली आहेत. मोठं शेतकरी घर, कापसाचा व्यापार, पुढे दोन गाड्या उभ्या. घरातला म्हातारा माणूस म्हणजे नाना. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. अब्बांनी त्यांना लग्नात दमणी करून दिली होती, म्हणजे बैलांची हलकी गाडी, माणसं बसायची. त्या दमणीमुळे आमचं येणंजाणं. मी लहान असताना अब्बांबरोबर गेलो की नाना मला गूळ-शेंगदाणे द्यायचे. पुढे त्यांच्या घराची सगळी दारं मी केली.

त्यांच्या मुलाने, संजयभाऊंनी, जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं. नानांना जिना चढवत नव्हता म्हणून खालची खोली त्यांना दिली आणि तिला लागून न्हाणी काढली. इथपर्यंत मुलगा गुणाचा. शहरातून आलेल्या सजावटवाल्याने सांगितलं, म्हातारी माणसं फरशीवरून घसरतात, लाकडी फरशी घाला, पायाला उबदार लागते. संजयभाऊंनी मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, खरबरीत शहाबादी टाका, आंघोळीला मी सागाचा पाट करून देतो. ते म्हणाले, "मिस्त्री, जमाना बदलला." मग फरशीवाली पार्टी बाहेरून आली, आणि मी माझ्या दुसऱ्या कामाला लागलो.

पाटाचं एवढ्यासाठी सांगितलं की लाकूड ओल्या जागेत चालतच नाही, असं नाही. आपण पिढ्यान् पिढ्या पाटावर बसून आंघोळ करत आलो. पाटाला खाली दोन आडवे ठोकळे असतात, त्यामुळे तो जमिनीला टेकत नाही, वारा खालून जातो, आणि आंघोळ झाली की आपण तो भिंतीला उभा करतो. आमच्या मशिदीत मयताला गुसल देतात, म्हणजे शेवटची आंघोळ घालतात, ते तख्त सागाचंच आहे. त्याच्या फळ्यांमध्ये फट ठेवलेली आहे आणि खाली पाय आहेत. किती जणांना त्यावर आंघोळ घातली याची गणती नाही, पण अजून एक फळी बदललेली नाही. लाकडाचं पाण्याशी वैर नसतं, कोंडून ठेवलेल्या पाण्याशी असतं.

संजयभाऊंचा फोन आला तेव्हा वैशाख तापलेला होता. "मिस्त्री, या बरं लवकर. पोरीचं साक्षगंध हाय, पाव्हणे येतीन. नानाच्या न्हानीतली फरशी बदलून द्या."

"काय झालं तिले?"

"फुगली. अन् वास मारते. आता तुमाले काय सांगू, नानाच्यानं आवरत नाई आता. न्हानीत जाईपर्यंत होऊन जाते. सारं मुरलं त्या फरशीत."

मला वाईट वाटलं. वय झालं की होतं, असं म्हणून मी पिशवीत पहार, पटाशी आणि हातोडी टाकली आणि बसने निघालो.

फाटकातून आत गेलो तर डाव्या हाताला पत्र्याची एक खोली आहे. पूर्वी तिथे खताची पोती असायची. तिच्या दारात खाटेवर नाना बसलेले. मी आधी ओळखलंच नाही. एवढा उंचापुरा माणूस, पण गालाची हाडं वर आलेली आणि ओठांना भेगा पडलेल्या. पत्र्याखाली अंग भाजत होतं. युरियाचा वास अजून त्या भिंतींना होता.

"काऊन इथं बसले नाना? आत पंखा हाय ना."

"ये बे युसूफ. बस." त्यांनी खाटेवर जागा करून दिली. "आता इथंच असतो मी. आत वास होते माह्यानं."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की गुडघा दुखतो. तेवढ्यात सूनबाई पाण्याचा तांब्या आणि दोन गिलास ठेवून गेल्या. मी एक भरून नानांपुढे धरला. त्यांनी हाताने बाजूला केला.

"नको. तू पे."

"उन्हाचं प्या थोडं."

"नको रे बाबा. पानी पेलं का मंग तेच होते. सकाळी चहा घेतो, बस झालं. गोळीपुरतं दोन घोट घेतो." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "कमी पेलं तं कमी होते ना."

वैशाखात आमच्या भागात गुरांनासुद्धा कोणी पाण्यावाचून बांधत नाही. नानांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. माझ्या मनात आलं की यांची साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, नातीवर अक्षता टाकायची ताकद राहील का. तेव्हाही मला खरं कारण माहीत नव्हतं. मी समजलो की रोग आहे आणि घरचे लोक कंटाळले आहेत. कंटाळ्याचा राग आला होता, पण तो राग लहान होता. मोठा अजून यायचा होता.

आत गेलो. नानांची खोली रिकामी होती. भिंतीला व्यायामाचं एक यंत्र उभं होतं, त्यावर टॉवेल वाळत घातलेले. न्हाणीचं दार उघडलं आणि वास आला. खरंच मुतारीसारखा वास होता, नाकात झोंबणारा. संजयभाऊ नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"पाहा," ते म्हणाले. "दोन महिने झाले त्याइले बाहेर झोपोवलं, तरी जात नाई. मुरलं ना आता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन महिने माणूस या न्हाणीत आलेला नाही, आणि वास आहे तसाच आहे, उलट वाढला आहे, हे ते मला स्वतःच्या तोंडाने सांगत होते. आणि त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. याला मिस्त्री लागत नाही हो. रस्त्यावरच्या कोणालाही विचारा.

मी भिंतीकडची पट्टी उचकटली आणि पहिली फळी वर घेतली. ती चहात बुडवलेल्या टोससारखी हातात तुटली. खाली काळं पाणी, बोटभर. फोम कुजून लिबलिबीत झालेला. दुसरी उचलली, तिसरी उचलली, सगळीकडे तेच. आणि कोपऱ्यात मोठे दोन निळे ड्रम, काठोकाठ भरलेले.

इथे आपल्याकडची रीत सांगायला हवी, बाहेरच्या माणसाला ती खरी वाटणार नाही. आमच्या गावांना नळ रोज येत नाही. आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी येतो. म्हणून घरोघरी ड्रम, टाक्या, हंडे भरून ठेवतात. दिवस जातील तसं पाणी जपून वापरतात, हात धुतलेल्या पाण्याने पायरी धुतात. आणि एवढं जपलेलं पाणी, नळ आला रे आला की, ओतून देतात. कारण ते शिळं झालं. ताजं पाणी आलं की शिळं ठेवायचं नाही, भांडं उपडं करायचं, धुवायचं, मग भरायचं. माझ्या घरीही हेच चालतं. बायकोला मी चाळीस वर्षं सांगतो आहे, तिने ऐकलेलं नाही. पण आमच्या घरी ते पाणी अंगणात जातं. या घरात नळाची तोटी नानांच्या न्हाणीत होती, कारण तिथेच जरा दाबाने पाणी यायचं. म्हणून ड्रम तिथे, आणि ड्रम उपडे करायचे तेही तिथेच. नळ आला की घरातलं जे माणूस हाताशी असेल ते जाऊन दोन ड्रम शिळं पाणी त्या फोटोच्या सागावर ओतत होतं. उतार बुजवलेला. पाणी फटीतून खाली जाऊन बसत होतं. त्यावर नवा नळ, नवं शिळं पाणी.

"संजयभाऊ, नळ आला की ड्रम कोण खाली करते?"

"कोनी बी. मी करतो, ते करते, कामवाली करते. काऊन?"

"अन् नाना?"

"त्याइच्यानं ड्रम हलते का?"

मी तुटकी फळी घेऊन मागच्या अंगणात गेलो. हौदाच्या कडेला फरशीच्या उरलेल्या पट्ट्यांचा एक खोका पडला होता, घर झाल्यापासून तसाच. हौद भरून वाहिला की त्याच्यावर पाणी जायचं. खोका फाडला तर आतल्या पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. आणि वास तोच. अगदी तोच. या पट्ट्यांमध्ये जे रसायन असतं ते पाण्यात सडलं की असाच वास सुटतो, मी दुसऱ्या घरांतही घेतला आहे. मी संजयभाऊंना हाक मारली. ते आले, वाकले, त्यांनी वास घेतला. रुमाल विसरले.

"इथं नाना येत होते काय?" मी विचारलं.

त्यांनी पट्टी पायाने परत खोक्यात ढकलली. मग जे बोलले ते मी आजही विसरलो नाही. म्हणाले, "बरं झालं बाप्पा. म्हणजे आता दुसरी टाकली तं वास येणार नाई. कोनती टाकायची सांगा, साक्षगंधाच्या आंधी झाली पायजे."

मी म्हटलं, "फरशीचं मंग पाहू. नानाले सांगा आंधी."

"सांगतो ना."

"आता सांगा."

"मिस्त्री, आता काऊन उगीच. पाव्हणे येऊन जाऊ द्या. त्याइले सवय झाली तिथली, काही तकरार नाई त्याइची. अन् आता खोलीत सामान हाय."

तकरार नाही. तकरार कशी असेल? ज्या माणसाला पटलं आहे की आपण घर नासवतो, तो तक्रार करतो का? माझं डोकं फिरलं. मी कारागीर माणूस, गिऱ्हाइकाशी आवाज चढवून बोलायचा माझा रिवाज नाही. रंधा मारताना तोंड बंद ठेवावं, असं अब्बा सांगायचे. पण त्या दिवशी मी त्या अंगणात ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं म्हणालो की तुमच्या बापाने तुमचे लंगोट धुतले असतील तेव्हा तुम्हाला पत्र्याखाली नेऊन ठेवलं नव्हतं. आणि म्हणालो की ते पाणी पीत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे का?

"पीत नाई म्हणजे?"

"पीत नाई म्हणजे पीत नाई. तुमच्या फरशीसाठी पीत नाई."

संजयभाऊंचा चेहरा खरंच उतरला. त्यांना माहीत नव्हतं. यावर मला दया यायला हवी होती, चांगल्या माणसाला आली असती. मला आणखी राग आला. एका फाटकाच्या आत राहता, येता-जाता गाडी त्या खोलीपुढून काढता, आणि बापाच्या ओठांना भेगा पडल्या ते दिसत नाही. फरशीचं पोट फुगलं ते मात्र बरोबर दिसतं.

सूनबाई ओट्यापाशी येऊन उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमाले काय माईत मिस्त्री, वास तं तसाच होता." त्यांना मी काही बोललो नाही. पण नंतर त्याच आत गेल्या आणि व्यायामाच्या यंत्रावरचे टॉवेल काढायला लागल्या.

मी न्हाणीत परत गेलो. अर्धी फरशी उपटलेली, अर्धी तशीच, मध्ये काळं पाणी. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. संजयभाऊंना म्हटलं, "नानाले इथं आना. त्याइच्या डोयानं पाहू द्या. अन् तुमी तुमच्या तोंडानं सांगा. तोवर मी एक पट्टी उचलत नाई. पाव्हण्याइले अशीच दाखवा."

हे धमकावणंच होतं, मान्य आहे. लोक म्हणतात, कारागिराने घरच्या भानगडीत पडू नये. मीही आयुष्यभर पडलो नाही. किती घरांत दारं बसवली आणि दारामागे चाललेलं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्या घरात खोटं जिच्याखाली लपलं होतं ती वस्तू माझ्या हाताखाली होती. ती झाकून त्यावर नवी घालायला मला बोलावलं होतं. ते मी करणार नव्हतो.

संजयभाऊ गेले. बराच वेळ लागला. मला वाटलं आता दुसऱ्या मिस्त्रीला फोन करतात. मग काठीचा आवाज आला. एका हातात काठी, दुसऱ्या हाताला मुलगा, असे नाना हळूहळू खोलीतून आले आणि न्हाणीच्या दाराशी थांबले. उंबरा ओलांडेनात. आतली मोडतोड पाहिली, मला पाहिलं, आणि घाबरले. हो, घाबरलेच. मुलाकडे वळून म्हणाले, "मी नाई आलो रे इकडे. लय दिवसाचा आलोच नाई मी."

मी बादलीवरून उठलो. संजयभाऊंनी घसा साफ केला. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो, मदत केली नाही. शेवटी ते म्हणाले, "नाना, ते तुमचं नव्हतं. वास या फरशीचा होता. ड्रमचं पानी खाली जाऊन सडलं. आमीच ओतत होतो. तुमचं काही नव्हतं."

नाना त्या काळ्या पाण्याकडे पाहत उभे राहिले. मी एक फुगलेली फळी उचलून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती नाकाशी नेली, वास घेतला, बोटाने कड दाबून पाहिली. भुसा त्यांच्या नखाला लागला. शेतकरी माणूस, आयुष्यभर ओली सरकी दाबून पाहिलेली बोटं ती.

"हे काय लाकूड हाय काय?" ते मला म्हणाले.

"नाई नाना."

त्यांनी फळी मला परत दिली. मग मुलाला म्हणाले, "पानी आन."

संजयभाऊ धावतच गेले आणि तांब्या भरून आणला. नानांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी तांब्या वर धरला आणि वरून धार घेऊन प्यायला लागले. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडत होतं, तरी थांबले नाहीत. सगळा तांब्या रिकामा केला. मुलाच्या हातात परत देताना त्यांना धाप लागली होती.

मग ते बोलले, आणि त्यांच्या आवाजात रागाचा टिपूसही नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"धोतर कोरडं राहे संजू. रोज सकाळी उठलो का मी हात लावून पाहो. कोरडंच राहे. मंग मले वाटे, आपल्याले आता समजत नसंन. पोरगा म्हनते, म्हणजे असंन."

संजयभाऊ रिकामा तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मी पहार उचलली आणि दाराकडची उरलेली फरशी उपटायला लागलो. त्यातल्या काही पट्ट्या अजून चांगल्या होत्या, त्याही मी मोडून टाकल्या.